विनाशोत्तर कादंबरी आणि आशेची सक्ती

संपूर्ण विनाशानंतरच्या जगाचे चित्रण करणाऱ्या कादंबऱ्यांविषयी दोन ठरीव विधाने वारंवार केली जातात. एक असे की, त्या निराशावादी असल्यामुळे मूल्यदृष्ट्या पोकळ आहेत. दुसरे असे की, त्यांपैकी एखादी श्रेष्ठ असेलच, तर ती शेवटी दिसणाऱ्या आशेच्या किरणामुळे. ही विधाने वरवर परस्परविरोधी भासली, तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे : साहित्यकृतीने वाचकाला दिलासा दिलाच पाहिजे. हे गृहीतक नाकारल्याखेरीज या कादंबऱ्यांचे वाचन सुरूच होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम संज्ञेचा प्रश्न. या कादंबऱ्यांना 'प्रलयोत्तर' म्हणण्याचा मोह आपल्याला सहज होतो. परंतु पौराणिक प्रलय हा कालचक्रातील टप्पा आहे. त्यामागून नवी सृष्टी येणे ठरलेले असते आणि त्याबद्दल कोणा माणसाला जाब विचारता येत नाही. अणुयुद्ध मात्र मानवी कृत्य आहे. वॉल्टर मिलर यांच्या 'अ कँटिकल फॉर लीबोविट्झ' (१९५९) या कादंबरीत चक्र आहे, पण त्यात सांत्वन नाही. अणुसंहारातून वाचलेले ज्ञान मठवासी शतकानुशतके जपतात आणि अखेरीस पुन्हा अणुयुद्धच होते. दुसऱ्या महायुद्धात माँटे कॅसिनोच्या मठावरील बॉम्बहल्ल्यात स्वतः सहभागी असलेल्या लेखकाने हे लिहावे, यातील नैतिक ताण 'प्रलय' या शब्दात मावत नाही.

दुसरे उदाहरण नेव्हिल शूट यांच्या 'ऑन द बीच' (१९५७) या कादंबरीचे. उत्तर गोलार्ध नष्ट झाला आहे आणि किरणोत्सार मेलबर्नकडे सरकतो आहे. माणसे बागेची आखणी करतात. पाणबुडीचा अमेरिकन कप्तान मृत कुटुंबासाठी भेटवस्तू घेतो. ही माणसे अविश्वसनीय वाटावीत इतकी सभ्य आहेत, हा आक्षेप निराधार नाही. तथापि तो मुख्य मुद्दा चुकवतो. या वाङ्मयप्रकाराचा वाचक स्वतःला नेहमी वाचलेल्यांमध्ये गणत असतो. शूट यांनी ती जागाच शिल्लक ठेवली नाही. लुटालूट नाही, पराक्रम नाही, उरलेला कोणी नायक नाही. म्हणूनच तिच्यातील शांतता रक्तपातापेक्षा अधिक असह्य होते.

आता कॉर्मॅक मॅकार्थी यांची 'द रोड' (२००६). पुलित्झर पारितोषिक (२००७) मिळालेल्या या कादंबरीचे वाचन बहुधा वात्सल्याची विजयगाथा म्हणून केले जाते. राख, नरभक्षण, थंडी यांतून बाप मुलाला दक्षिणेकडे नेतो आणि अखेरीस एक कुटुंब त्या मुलाला स्वीकारते, हे खरेच. परंतु सामान चोरणाऱ्याला बाप गाठतो तो प्रसंग पाहावा. बाप त्याचे कपडे उतरवून घेतो आणि त्याला थंडीत उघडा सोडून निघतो. मुलगा रडतो, म्हणून ते परततात, तेव्हा तो माणूस नाहीसा झालेला असतो. कपडे रस्त्यावर ठेवण्यापलीकडे काही करता येत नाही. ज्या प्रेमामुळे मुलगा जगतो, तेच प्रेम बापाला क्रूर करते. कादंबरीचा खरा अंधार राखेत नसून येथे आहे. शेवटच्या परिच्छेदातील माशांची प्रतिमाही आशेची नव्हे. जे परत आणता येणार नाही त्याच्या सौंदर्याची ती नोंद आहे. केवळ मुलाला आसरा मिळाला म्हणून तिला 'आशावादी' ठरवणे म्हणजे हा परिच्छेद न वाचणेच होय.

याचा अर्थ अंधार हाच निकष मानावा, असा नाही. केवळ प्रेतांचे ढीग रचणारी कादंबरी ही आशेइतकीच स्वस्त असते. तीही वाचकाला सुरक्षित अंतरावर बसवून थरार पुरवते. प्रश्न असा विचारला पाहिजे : या संहितेत विनाशाने माणसाविषयीचे कोणते ज्ञान उघड होते, आणि ते एरवी झाकलेले का राहिले होते? उपरोक्त तिन्ही कादंबऱ्या या प्रश्नाला उतरतात. मिलर ज्ञानाची निरागसता हिरावून घेतात, शूट वाचकाचे अभय, तर मॅकार्थी प्रेमाची निर्दोषता.

कादंबरीकडे आशा मागणारी समीक्षा वस्तुतः स्वतःसाठी अभय मागत असते. ते देण्याचे बंधन कोणत्याही लेखकावर नाही.