चरित्र कोणत्या गावचे?

वेल्स हा चिमुकला देश. पण आपल्या कर्त्या माणसांचा चरित्रकोश त्याने 1953 साली वेल्श भाषेत आणि 1959 साली इंग्रजीत काढला. आपल्याकडे सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश रचले. त्याच धर्तीवर धार-देवास या पवारांच्या संस्थानांचा एक लहानसा कोश व्हावा, असे मला फार दिवस वाटते. परंतु पहिल्याच पानावर घोडे अडते. धारचा माणूस म्हणायचे कोणाला?

जन्मगावाचा नियम लावला, तर धारच्या वाट्याला येतो दुसरा बाजीराव! आनंदीबाई धारच्या किल्ल्यात असताना 1775 च्या जानेवारीत तो जन्मला. पुढे पुण्यास पेशवाई बुडवून 1851 साली ब्रह्मावर्तास वारला. धारने त्याला पाळणा दिला, एवढाच काय तो संबंध.

उलट शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके वसईचे, जन्म 1884. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा आपण सर्वांनी निदान चित्रात तरी पाहिला आहे; तो त्यांच्या हातचा. हा माणूस धारला गेला, तिथे त्याने आपली कार्यशाळा थाटली आणि तो धारचाच झाला. 1961 साली पद्मश्री मिळाली, 1972 साली निधन झाले. जन्मगावाच्या नियमाने हे कोशाबाहेर! देवासचे गवई रजब अली खाँही बाहेर, कारण ते जन्मले नरसिंहगडला. आणि धार संस्थानच्या शिक्षणखात्याचे का. कृ. लेले? ‘पारिजातमंजरी’ नाटकाचे दोन अंक कोरलेली शिला 1903 साली त्यांच्यामुळे अभ्यासकांपुढे आली. अशा शिक्षणाधिकाऱ्याला आपले कोश सहसा ओळही देत नाहीत. गवई आणि राजे यांतच जागा संपते.

आता आपल्या अंकाला जवळचे उदाहरण. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजे कुमार गंधर्व, 1924 साली बेळगावजवळच्या सुळेभावीस जन्मले. घरची भाषा कानडी, गुरू मुंबईचे देवधर मास्तर. क्षयाने गाठले म्हणून 1948 साली कोरड्या हवेसाठी देवासला आले. गाण्यास डॉक्टरांची मनाई. एक फुप्फुस निकामी झालेले. 1953 पर्यंत मैफल नाही.

छोट्या चरित्रांत हीच पाच वर्षे ‘आजारपण’ या एका शब्दात उरकतात आणि पुढची ओळ पद्मभूषण 1977, पद्मविभूषण 1990 अशी धावते. माझा आक्षेप नेमका इथे आहे. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली, त्या धुनांतून राग उभे केले. 1965 चा ‘अनूपरागविलास’ त्या ऐकण्याशिवाय कल्पनेत येत नाही. कमी झालेल्या दमाला साजेशी गायकीही त्यांनी तिथेच घडवली. 1992 साली देवासलाच देह ठेवला. मग नोंदीत जागा कशाला द्यायची, पदव्यांना की त्या पाच वर्षांना?

माझ्यापुरते उत्तर असे: माणसाची नोंद जिथे त्याचे काम घडले त्या गावाखाली करावी आणि जन्मगाव कंसात टाकावे. आपल्या अंकापुरते बोलायचे, तर कुमारांवर मराठी विभागाचा हक्क की कानडीचा, हा वाद संपादकांनी घालूच नये. दोन्ही विभागांत लेख यावा, आणि दोन्हींवर गावाचे नाव देवास असावे.