कापूस वेचणारी बोटे

मंडळी, दिवसभर कपाशी वेचली की वाळल्या बोंडांची टोके बोटांना कशी ओरबाडतात, हे तुम्हांला सांगायला नको. अशाच बोटांनी पुढे गिटार वाजवून साऱ्या अमेरिकेला वेड लावणाऱ्या एका गड्याची ही हकीकत. त्याचे नाव ग्लेन कॅम्पबेल.

जन्म १९३६ सालचा, आर्कान्सा राज्यातल्या बिल्सटाऊन नावाच्या खेड्यातला. बाप दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा, घरात बारा भावंडे, आणि वीज नाही. १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो कापूस वेचला की सव्वा डॉलर मिळे. जिवाचे रान केले तरी दिवसाकाठी ८०-९० पौंडच होत, असे तो सांगत असे.

चार वर्षांचा असताना घरात पाच डॉलरची गिटार आली. काकाने हात धरून शिकवले. स्वरलिपी त्याला कधीच वाचता आली नाही. सारी विद्या कानाची. १९६० साली त्याने लॉस एंजेलिस गाठले. तिथे एल्व्हिस प्रेस्ली, फ्रँक सिनात्रा अशा मोठमोठ्यांच्या मागे बसून तो गिटार वाजवी. नाव त्यांचे, रोजंदारी याची. १९६७ साली मात्र त्याचे स्वतःचे नाव झाले. पाठोपाठ १९६८ साली तारांच्या खांबांवर काम करणाऱ्या एकट्या माणसाचे 'विचिटा लाइनमन' हे गाणे घरोघर गेले. जानेवारी १९६९ ते जून १९७२ टेलिव्हिजनवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम चालला. खेड्यातले गाणे शहराच्या दिवाणखान्यात पोचले.

पैसा आला, तशी दारू आली, कोकेन आले. तीन संसार मोडले. १९८२ साली किम घरात आली आणि तिच्या आधाराने गाडी रुळावर आली. पुढे २००३ साली पाय पुन्हा घसरला. पण तो सावरला.

खरी कसोटी म्हातारपणी लागली. २०११ साली डॉक्टरांनी अल्झायमर, म्हणजे विस्मरणाचा आजार सांगितला. त्याने तो लपवला नाही. जाहीर करून निरोपाच्या दौऱ्यावर निघाला. तीन मुले साथीला. गाण्याचे शब्द समोरच्या पडद्यावर वाचावे लागत; पण गिटारवर बोटे सराईतपणे फिरत. लहानपणी हातात बसलेली विद्या मेंदू सहसा लवकर सोडत नाही. ८ ऑगस्ट २०१७ रोजी तो गेला.

बायाबापड्यांनो, आपल्या घरातले आजोबा तेच तेच विचारू लागले, ओळखीची वाट चुकू लागले, तर 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसू नका. डॉक्टरांना दाखवा. हा आजार मुळातून बरा करणारे औषध नाही. पण दुसरेच एखादे दुखणे असेल तर ते उपचाराने हटू शकते. आणि त्यांना जुनी ओवी, अभंग, भजन म्हणायला लावा. नातवाचे नाव विसरलेला म्हातारा टाळ हाती येताच ताल धरूही शकेल. त्या वेळी शेजारी बसायला घरचे कोणी हवे, एवढेच.