हमीवरची हमी

घर आणि मुलांचे शिक्षण हे दोन खर्च सोडले, तर मध्यमवर्गीय कुटुंबाला मोटारगाडीइतका मोठा खर्च सहसा दुसरा करावा लागत नाही. त्यामुळे गाडीची निवड करताना घरात महिनोन्‌महिने चर्चा होते, ओळखीपाळखीच्यांचे अनुभव विचारले जातात, इंधनाचा हिशेब कागदावर मांडला जातो. परंतु हीच माणसे व्यवहाराच्या अखेरच्या पाच मिनिटांत, फारसा विचार न करता, आणखी पंधरा-वीस हजार रुपयांच्या एका कागदावर सही करून मोकळी होतात. तो कागद म्हणजे वाढीव हमी; विक्रेत्यांच्या भाषेत ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’. लाखांच्या व्यवहारात हजारांची चिकित्सा करणे कोतेपणाचे वाटते, आणि विक्रीचे शास्त्र जाणणाऱ्यांना मनाची ही अवस्था नेमकी ठाऊक असते.

सांगलीकडचा एखादा माध्यमिक शिक्षक डोळ्यांपुढे आणावा. गाडी दहा लाखांची, त्यांपैकी सात लाख बँकेचे कर्ज. नोंदणी, रस्ता कर, विमा यांचे आकडे मांडून झाल्यावर विक्रेत्याचा प्रतिनिधी शेवटचा कागद पुढे सरकवतो. “सर, तीन वर्षांची कंपनीची हमी आहेच. पण चौथ्या-पाचव्या वर्षी गिअरबॉक्स गेला, तर साठ हजारांना पडेल. अठरा हजारांत निश्चिंत व्हा. रक्कम कर्जातच घालू, हप्त्यात कळणारही नाही.” तासाभरापूर्वी याच प्रतिनिधीने हीच गाडी ‘दहा वर्षे बघायला नको’ अशा शब्दांत वाखाणलेली असते. गाडी इतकी भरवशाची असेल तर या कागदाची गरज काय, आणि गरज असेल तर भरवशाचे काय, हा प्रश्न शिक्षकाच्या मनात येतो. पण तो विचारण्याचा संकोच वाटतो.

हा प्रश्न अर्थशास्त्रात चांगलाच प्रतिष्ठित आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. मालाच्या गुणवत्तेविषयी विकणाऱ्याला जितके ठाऊक असते तितके घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि या अज्ञानामुळे सबंध बाजारच बिघडू शकतो, हे त्या निबंधाचे सार. या रोगावर बाजाराने जे उपाय शोधले त्यांत हमी हा एक, हेही ॲकरलॉफ यांनी नोंदवले आहे. जो कारखानदार आपल्या मालाची तीन वर्षांची हमी किमतीतच देतो, तो त्या मालाविषयी एक प्रकारे साक्ष देत असतो. माल वाईट असेल तर त्या साक्षीची किंमत त्यालाच मोजावी लागते. जुलै २०२४ मध्ये मारुती सुझुकीने आपल्या गाड्यांची मूळ हमी दोन वर्षे अथवा चाळीस हजार किलोमीटरवरून तीन वर्षे अथवा एक लाख किलोमीटरपर्यंत वाढवली, तेव्हा ग्राहकाला वेगळे पैसे न मोजता अधिक साक्ष मिळाली.

वाढीव हमीचे स्वरूप याहून निराळे आहे. येथे साक्ष देणारा साक्षीचे स्वतंत्र मोल मागतो. गाड्यांत किती बिघाड होतात आणि दुरुस्तीला किती खर्च येतो, याचे आकडे त्याच्या दप्तरी असतात. ग्राहकाजवळ असते ती केवळ धास्ती. एका बाजूला आकडे आणि दुसऱ्या बाजूला धास्ती अशा सौद्यात किंमत कोणाच्या सोयीची ठरेल, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

तथापि एवढ्यावरून वाढीव हमी म्हणजे लूट, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. विमा हाही सरासरीने पाहता विमेदाराला तोट्याचाच असतो. तरी घराला आग लागण्याचा किंवा कर्ता माणूस जाण्याचा विमा कोणी मूर्खपणाचा म्हणत नाही. जे नुकसान सोसता येणार नाही, त्याच्यापासून संरक्षण मिळवण्यासाठी सरासरीहून अधिक मोजणे शहाणपणाचे असते. प्रश्न एवढाच उरतो की, गाडीचा बिघाड हे नुकसान त्या जातीचे आहे काय?

शिक्षकाचाच हिशेब करून पाहू. हमीची किंमत करासह अठरा हजार. ती चौथ्या आणि पाचव्या वर्षासाठी. समजा, या दोन वर्षांत साठ हजारांचा मोठा बिघाड होण्याची शक्यता दहांत एक आहे आणि आठ हजारांचा किरकोळ बिघाड होण्याची शक्यता दोनांत एक. पहिल्याचा सरासरी भार सहा हजार, दुसऱ्याचा चार हजार. एकूण दहा हजार. परंतु हमीचे अठरा हजार आज द्यायचे आहेत आणि तिचा उपयोग तीन वर्षांनी सुरू व्हायचा आहे. हीच रक्कम सात टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवली, तर तीन वर्षांनी तिचे सुमारे बावीस हजार होतात. ती ‘हप्त्यात कळणारही नाही’ अशा रीतीने नऊ टक्क्यांच्या पाच वर्षांच्या कर्जात घातली, तर हप्त्यांची बेरीज सुमारे २२,४०० रुपये भरते. म्हणजे दहा हजारांच्या सरासरी जोखमीसाठी बावीस हजारांचे मोल. हा सौदा बरोबरीत सुटायचा, तर मोठ्या बिघाडाची शक्यता दहांत एक नव्हे, दहांत तीन असावी लागेल. ज्या गाडीविषयी असे भय बाळगावे लागते, ती गाडी मुळात घेऊच नये.

हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गाडीचे आकडे त्यांच्या जागी घालावेत. हिशेबाची रीत मात्र बदलत नाही. अमेरिकेत ग्राहकांच्याच एका संस्थेने, ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’ने, २०१४ च्या सुमारास आपल्या वाचकांची पाहणी केली, तेव्हा अशी हमी घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना दुरुस्तीसाठी तिचा एकदाही उपयोग करावा लागलेला नव्हता.

यानंतर अटींकडे वळले पाहिजे. हमी ‘इतकी वर्षे अथवा इतके किलोमीटर, जे आधी पूर्ण होईल ते’ अशी असते. पाच वर्षे अथवा एक लाख किलोमीटर ही मर्यादा असेल आणि गाडी वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर धावत असेल, तर चौथ्या वर्षाअखेरीस हमी संपते. पाचव्या वर्षाचे पैसे वाया जातात. उलट, वर्षाला पाच हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीची पाच वर्षांत पंचवीस हजार किलोमीटरचीच झीज होते. तिला हमीची गरज क्वचितच लागते. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, वायपर, म्हणजे जे भाग हटकून झिजतात आणि बदलावे लागतात, ते बहुधा हमीबाहेरच असतात. अपघात आणि पुराचे पाणी हा विम्याचा प्रांत. तेथेही इंजिनात पाणी शिरल्यास वेगळे कलम घेतलेले असावे लागते. नेहमीच्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड येत नाही, हे खरे. वाढीव हमी नेमकी ही फट बुजवते. परंतु फट किती रुंद आहे, हे कागद वाचल्यावाचून कळत नाही, आणि सविस्तर अटींची पुस्तिका पुष्कळदा पैसे भरल्यानंतर हाती पडते.

शिवाय हमी टिकवण्यासाठी गाडीची प्रत्येक ठरावीक सर्व्हिसिंग कंपनीच्या अधिकृत केंद्रातच करून घ्यावी, असा आग्रह धरला जातो. कोपऱ्यावरच्या ओळखीच्या मेकॅनिकपेक्षा तेथे जे अधिक पैसे मोजावे लागतात, ते हमीच्या किमतीत कोणी धरत नाही. वस्तुतः या आग्रहाची दखल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्येच घेतली होती. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र मेकॅनिकांपर्यंत पोहोचू न दिल्याबद्दल आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट हमी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही त्या आदेशात म्हटले होते. पुढे अपिले झाली आणि २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही कंपन्यांचा दंड कमी केला. दंडाचा वाद बाजूला ठेवला, तरी आयोगाने दाखवलेली कार्यकारणाची साखळी महत्त्वाची आहे. सुटा भाग एकाच दुकानात मिळतो म्हणून तो महाग. तो महाग म्हणून बिघाडाची धास्ती. आणि त्या धास्तीवरचा उतारा पुन्हा त्याच दुकानात विकत मिळतो.

मग ही हमी कोणी घ्यावी? ज्याला साठ हजारांची रक्कम आठवड्याभरात कोठूनही उभी करता येणार नाही आणि गाडीवाचून ज्याचे काम अडेल, त्याने ती घेण्यात अर्थ आहे. ज्याच्या गाडीत स्वयंचलित गिअरबॉक्ससारखी महाग यंत्रणा आहे, आणि हमीत ती नावानिशी समाविष्ट आहे, त्यानेही तिचा विचार करावा. विपर्यास असा की, ज्याचे पोट गाडीवर आहे त्या टॅक्सीवाल्याला अनेक योजना कमी मुदतीची हमी देतात किंवा देतच नाहीत. आणि ज्याला दुरुस्तीचा खर्च सहज पेलतो, त्याच्या गळ्यात ती आग्रहाने घातली जाते. आपल्या शिक्षकाजवळ मात्र आणखी एक आधार आहे, ज्याचा उल्लेख विक्रेता करीत नाही. तो आधार म्हणजे त्याची पगारदार पतसंस्था. तातडीच्या कर्जाची सोय जेथे आहे, तेथे साठ हजारांचा फटका दोन वर्षांच्या हप्त्यांत विभागता येतो. आणि बिघाड झालाच नाही, तर एक पैसाही द्यावा लागत नाही. अठरा हजार वेगळ्या खात्यात ठेवले, तर ते बिघाड न झाल्यास टायर बदलायला तरी उपयोगी पडतील.

निर्णय त्याच दिवशी घेण्याची सक्तीही पुष्कळदा नसते. मूळ हमी चालू आहे तोवर वाढीव हमी घेण्याची मुभा अनेक कंपन्या देतात. उशीर केल्यास किंमत काहीशी वाढते; पण दोन-अडीच वर्षांत गाडीचा स्वभाव कळतो, वर्षाचे किलोमीटर कळतात, आणि त्या प्रकारच्या गाड्यांत कोणता दोष वारंवार निघतो हेही कळते. वाट पाहण्याचे हे मोल त्या वाढीव किमतीहून बहुधा अधिक भरते. दोष सुरक्षिततेशी संबंधित असेल, तर २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यान्वये सरकार कंपनीला अशा गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. तशा दुरुस्तीसाठी ग्राहकाने हमी विकत घेण्याचे कारण नाही. हमी घेऊनही ती नाकारली गेली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

तरीही प्रत्येक कुटुंबाने आपापल्या स्वयंपाकघरातील टेबलावर आकडेमोड करावी, एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही; कारण आकडेमोडीसाठी लागणारा मुख्य आकडाच ग्राहकाजवळ नाही. विमा कंपन्यांनी किती हप्ते गोळा केले आणि दाव्यांपोटी किती दिले, याचे प्रमाण विमा नियामक दरवर्षी प्रसिद्ध करतो. वाढीव हमीच्या विक्रेत्यांनाही शंभर रुपये घेऊन दुरुस्तीवर किती खर्च केले, हे छापण्यास भाग पाडले, तर ॲकरलॉफ यांनी सांगितलेले अज्ञान निम्मे तरी दूर होईल. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या विषयांत मोटारींचाही समावेश होता, त्या कामात ही मागणी सहज बसते. महाराष्ट्रात तर ती करण्याची परंपराच आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने किराण्याच्या सामुदायिक खरेदीतून, एकटा ग्राहक दुबळा असला तरी संघटित ग्राहक भाव विचारू शकतो, हे दाखवून दिले आहे. तांदळाचा भाव विचारणाऱ्यांनी हमीचा भाव विचारण्यास संकोच का करावा?

तोपर्यंत त्या शिक्षकाने सही करण्यापूर्वी अटींची संपूर्ण पुस्तिका मागून घ्यावी, ती घरी न्यावी, आणि काय वगळले आहे तो भाग आधी वाचावा. पुस्तिका देता येत नाही असे उत्तर मिळाले, तर निर्णय तेथेच झाला असे समजावे.