पीपीएफ: पैसे माझे, कटकट फुकटची

मंडळी, विषय रटाळ आहे, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे पैसे त्यात आहेत, म्हणून वाचाच. पीपीएफ! १९६८ सालची योजना, वर्षाला दीड लाखाची मर्यादा, व्याज करमुक्त, पंधरा वर्षांनी हातात पडणारी रक्कमही करमुक्त. योजनेबद्दल माझी तक्रार नाही. माझं भांडण आहे ते खातं हलवण्याच्या आणि वाटण्याच्या नियमांशी.

आधी हलवणं. माझं खातं वडिलांनी कुंभिवलीला असताना तालुक्यातल्या एका पोस्टात उघडलं होतं. आता नोकरी पुण्यात, म्हणून ते इथल्या बँकेत आणायचं ठरवलं. नियमात ते बसतं, वर्षंही पुन्हा पहिल्यापासून मोजत नाहीत. पण पद्धत काय? जुन्या ऑफिसात अर्ज आणि पासबुक द्या. मग ते खात्याचा उतारा, मूळ अर्ज, सहीचा नमुना आणि शिल्लक रकमेचा चेक नव्या शाखेला पाठवणार. तिथे पुन्हा केवायसी. माझं पाकीट पोचायला अडीच महिने लागले.

खरी गंमत पुढेच आहे. हे पैसे ना पोस्टाचे, ना बँकेचे. कुठल्याही खिडकीत भरा, ते जातात केंद्र सरकारच्या राष्ट्रीय अल्पबचत निधीत. म्हणजे पैसे सरकारकडून सरकारकडेच जायचे, आणि त्यासाठी चेक फिरवायचा! तिकडे खालापूरच्या टोलनाक्यावर फास्टॅगचे पैसे काही सेकंदांत कापले जातात. घ्यायचे असले की यंत्रणा धावते, हलवायचे असले की पाकीट.

आता वाटणं. समजा मला अर्धे पैसे पोस्टात आणि अर्धे बँकेत ठेवायचे आहेत. एक भाग म्हातारपणाचा, दुसरा मुलांच्या शिक्षणाचा. जमत नाही. एका माणसाच्या नावावर एकच खातं, आणि हलवायचं तर सगळंच हलवा. अज्ञान मुलाच्या नावानं उघडता येतं, पण ती रक्कमही पालकाच्या दीड लाखातच धरतात.

चुकून दोन खाती निघाली तर? ऑगस्ट २०२४ च्या अर्थ मंत्रालयाच्या पत्रकानुसार, दुसऱ्या खात्यातली रक्कम वार्षिक मर्यादेत बसेल तेवढी पहिल्यात मिळवायची, उरलेली शून्य टक्के व्याजानं परत. आणि तिसरं खातं असेल तर उघडल्या दिवसापासून व्याज शून्य!

यावर ठरलेलं उत्तर येतं: सूट दिली तर लोक दहा खाती उघडून पंधरा लाख भरतील. अहो, मर्यादा मोजायची ती माणसाची, खात्याची कशाला? एप्रिल २०२३ पासून अल्पबचत खात्याला आधार सक्तीचं आहे, ठराविक रकमेपुढे पॅनही लागतं. एका माणसाच्या सगळ्या खात्यांची बेरीज करून दीड लाखावर अडवणं, हे कुठलाही फ्रेशर करून देईल. लेजरच्या काळात ही बेरीज अशक्य होती, म्हणून एकच खातं हा नियम शहाणपणाचा होता. आज तो फक्त सवयीचा आहे.

दुसरी शंका पंधरा वर्षांच्या मुदतीची. सोपं आहे. वेगळ्या काढलेल्या भागाला मूळ खात्याचीच तारीख द्या, पळवाट बंद.

ब्रिटनमध्ये १९९९ पासून आयसा नावाचं करमुक्त बचत खातं आहे. तिथे रोख आयसा हलवायला साधारण पंधरा कामकाजाचे दिवस, असा दंडक आहे. एप्रिल २०२४ पासून एकाच वर्षात एकाच प्रकारची अनेक खाती उघडता येतात, त्या वर्षी भरलेल्यातला काही भागही दुसरीकडे नेता येतो. एकूण मर्यादा मात्र माणशी एकच. त्यांनी आभाळ कोसळू दिलेलं नाही.

आपण मोबाईल नंबर न बदलता कंपनी बदलतो, २०११ पासून. मग पंधरा वर्षं घाम गाळून साठवलेल्या पैशांनाच पाकिटातून का पाठवायचं? जास्त व्याज मागत नाही, मर्यादा वाढवा म्हणत नाही. फक्त माझे पैसे मला हव्या त्या खिडकीत, हव्या त्या भागांत ठेवू द्या.

आणि तोवर, तुमच्या नावावर कुठल्या विसरलेल्या शाखेत दुसरं खातं पडलंय का, ते या शनिवारी जरा शोधा.