मातीचे ऋण

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिंपरी-चिंचवड वसले आहे आणि नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर चाकण. एके काळी हा सारा परिसर ज्वारी-बाजरीच्या शेतांचा होता. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे शेतांच्या जागी कारखान्यांच्या इमारती उभ्या राहू लागल्या. चाकणचा कांद्याचा बाजार मात्र अजूनही नांदता आहे. एका बाजूस मोटारींचे कारखाने व दुसऱ्या बाजूस कांद्याच्या गोण्यांचे ढीग, असे दृश्य तेथे दिसते. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलास सहज वाटेल, की माती, धूप, दुष्काळ या शेतकऱ्यांच्या गोष्टी होत; यंत्राजवळ काम करणाऱ्यास त्यांच्याशी काय कर्तव्य? हा समज चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का आहे हे पिंपरीचाच इतिहास सांगतो.

पेनिसिलिनचा शोध 1928 साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लंडनमध्ये लावला. अनेक वर्षे हे औषध भारताला परदेशांतून आणावे लागे. पुढे 1954 साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञांचे साहाय्य पुरविले आणि 1955 साली उत्पादन सुरू झाले. रोग राष्ट्रांच्या सीमा जाणत नाहीत, म्हणून औषधाचे ज्ञानही सीमेपाशी अडून राहू नये, हा विचार या कार्यामागे होता. काही वर्षांनी याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत बुरशीजन्य रोगांवर हॅमायसिन नावाचे औषध सापडले. ज्या सूक्ष्म जीवापासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव गुंफलेले आहे. आणि हा जीव कोणत्या कुळातला? मातीत राहणाऱ्या जीवांच्या कुळातला!

माती म्हणजे निर्जीव धूळ नव्हे. सुपीक मातीच्या एका चिमटीत कोट्यवधी सूक्ष्म जीव नांदत असतात. पालापाचोळा कुजवून पिकांना अन्न तेच पुरवितात, मातीचे कण एकमेकांशी सांधून तिच्यात पाणी मुरण्यास वाट तेच करून देतात. खडकापासून बोटभर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. परंतु उघड्या-बोडक्या उतारावर वळवाच्या दोन-चार सरी कोसळल्या, की तीच माती गढूळ पाण्याबरोबर ओढ्याला मिळते. गवत व झाडे नाहीशी झाली, उतारावर उभी नांगरट झाली, जनावरांनी माळ अखंड चरून काढला, म्हणजे जमिनीचे कस हळूहळू नाहीसे होते. यालाच वाळवंटीकरण म्हणतात. वाळूच्या टेकड्या दुरून चालत आल्या तरच वाळवंट होते असे नाही. जेथे आहे तेथेच जमीन निःसत्त्व होणे, हेही वाळवंट होणेच आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या पाहणीनुसार 2018-19 साली देशातील सुमारे 9 कोटी 78 लक्ष हेक्टर जमिनीचा ऱ्हास झालेला होता. देशाच्या एकूण भूमीचा हा जवळजवळ तीस टक्के भाग होय. ही हानी करणाऱ्या कारणांत पाण्याने होणारी धूप अग्रभागी आहे.

पावसाचे गणितही येथे ध्यानात घेतले पाहिजे. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पुण्यास सातशेच्या आसपास. आणि पूर्वेस बारामतीकडे त्याहूनही कमी. पवना, इंद्रायणी व भामा या नद्या सह्याद्रीवरील पाऊस पूर्वेकडे आणतात, म्हणून औद्योगिक पट्ट्यातील नळांना पाणी येते. डोंगरउतारांवरील माती वाहून धरणांत साचली, तर धरणांत पाण्याला जागा कमी उरते. गावाभोवतालची मोकळी जमीन सिमेंटखाली गेली, तर पाऊस जमिनीत न मुरता गटारांतून निघून जातो व विहिरी कोरड्या पडतात. तेव्हा यंत्राजवळ उभा असणारा कामगारही मातीच्या आधारावरच उभा असतो. शिवाय या पट्ट्यात कामासाठी आलेली कित्येक कुटुंबे मराठवाड्यातील व इतर अवर्षणग्रस्त भागांतील आहेत. जमिनीने साथ सोडली म्हणून ज्यांना गाव सोडावे लागले, त्यांना मातीचे मोल वेगळे सांगावयास नको.

हे संकट एकट्या गावाने किंवा एकट्या देशाने निवारता येईल काय? मान्सूनचेच उदाहरण घ्यावे. भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दूरदूरच्या प्रदेशांतील वायुभाराच्या नोंदी ताडून पाहिल्या, आणि पॅसिफिक महासागरावरील हवेचा भारतीय पावसाशी संबंध आहे, असे दाखवून दिले. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाजवळचे समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले, तर भारतात पावसाने ओढ देण्याचा संभव वाढतो, हे आज सिद्ध झालेले आहे. म्हणजे चाकणच्या शेतात केव्हा पेरणी करावी याचा विचार करणाऱ्या शास्त्रज्ञाला पेरूच्या किनाऱ्यावरील पाण्याचे उष्णतामान कळणे अगत्याचे आहे. अशा नोंदी राष्ट्रांनी परस्परांना मोकळेपणाने दिल्या नाहीत, तर पुण्याच्या वेधशाळेतील विद्वानांचे कौशल्यही अपुरे पडेल.

हे ओळखूनच 17 जून 1994 रोजी वाळवंटीकरणाविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार संमत झाला व तो दिवस पुढे जगभर पाळला जाऊ लागला. भारत या करारात 1996 साली सामील झाला. 2019 साली करारातील राष्ट्रांची परिषद दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे भरली. त्या वेळी 2030 सालापर्यंत 2 कोटी 60 लक्ष हेक्टर जमीन पुन्हा सकस करण्याचा संकल्प भारताने सोडला. संकल्प मोठा आहे. परंतु कागदावरील करार वाहत्या मातीचा एक कणही अडवू शकत नाही. तो अडविण्यासाठी कोणीतरी कुदळ हाती घ्यावी लागते.

महाराष्ट्राने हे अनुभवाने जाणले आहे. 1972 च्या भीषण दुष्काळात लक्षावधी लोकांनी बांधबंदिस्तीची व तलावांची कामे केली, आणि त्यांतूनच रोजगार हमी योजना आकारास आली. पुढे जर्मनीच्या मदतीने पाणलोट विकासाचा मोठा कार्यक्रम राज्यात सुरू झाला. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले व अहमदनगर ही आपली कर्मभूमी मानणारे हर्मन बाखर हे त्याच्या प्रवर्तकांपैकी एक होते. या कार्यक्रमात गावांसमोर अटी होत्या : श्रमदान करावे, झाडे तोडू नयेत, माळावर गुरे मोकळी सोडू नयेत. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी या गावात पूर्वी उन्हाळा आला, की टँकरची वाट पाहावी लागे. गावकऱ्यांनी या अटी पाळल्या, माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर खणले, ओढ्यांत बांध घातले, गवत व झाडे वाढविली. आणि विहिरींचे पाणी वाढले. पैसा परदेशातून आला, शास्त्र तज्ज्ञांनी सांगितले. पण शेळ्या-मेंढ्या माळावर न नेण्याचा कठीण निश्चय गावालाच करावा लागला.

यावर कोणी म्हणेल, की परक्यांची मदत हवीच कशाला? त्यास उत्तर पिंपरीच्या औषधाचे आहे : ज्ञान घेतल्याने कोणी दुबळा होत नाही, घेतलेले ज्ञान वाढवून परत देता आले, म्हणजे तो समर्थ होतो. दुसरा कोणी म्हणेल, की शास्त्रज्ञ व सरकारे आहेत, मग सामान्यांनी काय करावे? त्यास उत्तर दरेवाडीचे आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथील कारखान्यांत देशोदेशींची यंत्रविद्या एकत्र येऊन उत्तम गाडी तयार होते. हीच एकजूट मातीच्या कामीही दिसली पाहिजे. इमारतीचा पाया खणताना वरची सुपीक माती टाकून न देता बागेसाठी राखून ठेवावी, छपरावरील पाऊस जमिनीत मुरवावा, शाळेच्या आवारातील उतारावर गवत राखावे. या गोष्टी लहान खऱ्या, पण त्या ज्याच्या त्याला करता येण्याजोग्या आहेत. ही माती मागल्या पिढ्यांनी कसली आणि पुढल्या पिढ्यांना ती लागणार आहे. मधल्या पिढीने ती केवळ वापरावी आणि झिजवून टाकावी, हे न्यायाचे नाही.