भादलीचा अर्ज

जळगावहून भुसावळकडे जाताना रेल्वेमार्गावर भादली हे गाव लागते. तेथील ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत २०२० च्या डिसेंबरअखेर एक उमेदवारी अर्ज नामंजूर झाला. अर्ज अंजली पाटील यांचा होता आणि प्रभाग स्त्रियांसाठी राखीव होता. अर्जदार तृतीयपंथी आहेत व या निवडणुकीत तृतीयपंथीयांसाठी जागा राखीव नाही, असे कारण निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी दिले. म्हणजे स्त्रियांच्या जागेवर उभे राहावे तर त्या स्त्री नव्हेत, आणि तृतीयपंथी म्हणून उभे राहावे तर तशी जागाच नाही! नागरिकत्व शाबूत ठेवून नागरिकाला वगळण्याची ही युक्ती कचेरीलाच सुचावी.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २ जानेवारी २०२१ रोजी हा निर्णय रद्द केला. आपली लिंगओळख आपण ठरविण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केला होता, २०१९ च्या कायद्यातही तो आला होता. त्याचाच आधार खंडपीठाने घेतला. १५ जानेवारीस मतदान झाले आणि अंजली पाटील निवडून आल्या. कचेरीला जे उमजले नाही ते गावच्या मतदाराला उमजले.

निकाल स्वागतार्ह खराच. तथापि त्यातील एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. केवळ संधी साधण्यासाठी आपण पुढे पुरुष म्हणवून घेणार नाही, असे निवेदन अर्जदारातर्फे करण्यात आले आणि न्यायालयाने ते नोंदवून घेतले. ग्रामपंचायतीच्या एका जागेसाठी जन्मभराची हमी! सोयीप्रमाणे पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्यांकडून अर्ज भरताना अशी हमी कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

अशाने स्त्रियांच्या जागा पळविल्या जातील, ही शंका अनेक प्रामाणिक कार्यकर्त्यांच्याही मनात आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांना मिळाल्या, त्या दीर्घ लढ्यानंतर. तेव्हा ही शंका हसण्यावारी नेऊ नये. परंतु त्या जागा प्रत्यक्षात पळविल्या कोणी? सरपंच बाईंच्या खुर्चीशेजारी बसून सह्यांचे कागद पुढे सरकविणाऱ्या पतिराजांनी. त्यांच्या लिंगओळखीविषयी कोणालाही शंका नाही, आणि त्यांच्यावर हरकत घ्यायला सहसा कोणी धजत नाही.

जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचे नाव आहे. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळींत दाखल झाले आणि पुढे त्यांच्या लुगड्याच्या नेसणीचे, दागिन्यांचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले. नटाची भूमिका व माणसाची ओळख एक नव्हे, हे खरेच. पण पुरुषाच्या देहाने पांघरलेले स्त्रीरूप महाराष्ट्राला मुळातच असह्य आहे, हा दावा तेथे टिकत नाही. ज्ञानेश्वरांना आपण माउली म्हणतो, विठोबाला विठाई म्हणतो. ते रूप रंगभूमीवर चालते, अभंगात चालते, बारशाला आशीर्वादापुरते दारात चालते. खुपू लागते ते हक्क मागते तेव्हा.

या प्रश्नाचा आर्थिक भाग सर्वात दुर्लक्षित आहे. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ अशी नोंद प्रथमच झाली: देशात ४,८७,८०३, महाराष्ट्रात ४०,८९१. त्यांच्यातील साक्षरता सुमारे ५६ टक्के, तर देशाची ७३ टक्के. वर्गात चालण्या-बोलण्याची टिंगल झालेले मूल शाळा सोडते, मग घर सोडते. हातात ना दाखला, ना कसब, ना वारसा. धुळ्याच्या बाजारात टाळी वाजवून पैसे मागणाऱ्यांना ‘काम का करीत नाही’ असे विचारणाऱ्या दुकानदाराने आपल्या गल्ल्यावर त्यांना बसविले असते काय, हे त्यालाच विचारावे.

कर्नाटकाने २०२१ साली सरकारी नोकरीत तृतीयपंथीयांसाठी एक टक्का जागा राखल्या. महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या अर्जावर तिसरा रकाना यावा म्हणून २०२२ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाला सरकारचे कान उपटावे लागले. रावेरमध्ये २०२४ साली वंचित बहुजन आघाडीने शमिभा पाटील यांना विधानसभेची उमेदवारी दिली. समाजवादी म्हणविणाऱ्या पक्षांनी जळगाव-धुळ्यात ग्रामपंचायतीची उमेदवारी तरी किती तृतीयपंथीयांना दिली, याचा हिशेब त्यांच्या जिल्हा शाखांनी पुढच्या बैठकीत मांडावा.