कर्ज कमाईसाठी की पोटासाठी?

लहान कर्ज दिले की गरीब माणूस वर येतो, हे आपण बांगलादेशच्या ग्रामीण बँकेकडून ऐकले. 2006 साली डॉ. युनूस आणि त्या बँकेला नोबेलही मिळाले. आपल्या गावांतले बचत गट त्याच वाटेचे. पण आमच्याकडे इंग्लंडमध्ये काय दिसते बघा. इथला गरीब म्हैस घ्यायला कर्ज काढत नाही. विजेचे बिल भरायला काढतो, पगारापर्यंतचा आठवडा ढकलायला काढतो. अशांना वोंगासारख्या कंपन्या वर्षाला हजारो टक्क्यांच्या दराने पैसे द्यायच्या! 2015 मध्ये मर्यादा आली: दिवसाला 0.8 टक्के, आणि व्याज-दंड सगळे मिळून मुद्दलाएवढेच. 2018 मध्ये वोंगा बुडाली. तरी शंभर पौंडांचे दोनशे होऊ शकतात, हे थोडे झाले का? क्रेडिट युनियन, म्हणजे आपली पतपेढीच म्हणा, महिन्याला 3 टक्क्यांवर जाऊ शकत नाही.

गरीब भावाकडून व्याज घेऊ नये असे तोरात आहेच. लंडनच्या ज्यू बोर्ड ऑफ गार्डियन्सने (स्थापना 1859) गरीब ज्यूंना बिनव्याजी कर्जे दिली, शिलाई मशीनसुद्धा मिळवून दिली. मशीन चालले की हप्ता निघतो. रामबाम यांनीही त्सदाकाच्या सर्वात वरच्या पायरीवर कर्ज ठेवले ते याच अर्थाने, की माणसाने पुढे हात पसरू नये.

विजेच्या बिलातून मात्र हप्ता निघत नाही. तिथे बिनव्याजी कर्जसुद्धा ओझेच. त्या घराला पगार वाढवून हवा, नाहीतर सरळ मदत. कर्ज देऊन सरकारने हात झटकू नयेत, असे मला वाटते.